रेंज होती, मग अडलं कुठे?

हेडफोन नीट बसवा, आवाज थोडा वाढवा, सुरू करू या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी सांगतो, हा भाग जसा बोललो तसाच लिहून काढलाय. अडखळणं आणि मध्येच चहाचा कप ठेवल्याचा आवाज तेवढा गाळलाय.

आजची गोष्ट माझ्या आतेबहिणीची आहे. तिचं गाव भोरच्या पुढे, डोंगरात. बारावी झाली, प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. गावात नेट धरतं ते फक्त देवळामागच्या कट्ट्यावर. ही पोरगी दुपारी दोनलाच सगळी कागदपत्रं घेऊन तिथे जाऊन बसली. फोनवर रेंजच्या चारपैकी तीन काड्या दिसत होत्या.

फॉर्म भरून झाला. फी भरायचं बटण दाबलं. चकरी फिरायला लागली. फिरतेय, फिरतेय, दोन मिनिटं झाली, पान कोरंच. बॅक करून पुन्हा दाबलं. पुन्हा चकरी. तिसऱ्यांदा दाबणार तेवढ्यात बँकेचा मेसेज आला, पैसे कापले. मागोमाग दुसरा मेसेज, पुन्हा तेवढेच पैसे कापले. आणि साइटवर तिच्या अर्जापुढे काय लिहिलेलं? फी भरलेली नाही.

मग बापलेक मोटारसायकल काढून भोरला गेले. तिथे साइट उघडली, एक फी जमा झालेली दिसली, चार वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म एकदाचा गेला. दुसऱ्या वेळी कापलेले पैसे परत आले ते अकराव्या दिवशी. ते पैसे भाताच्या खतासाठी बाजूला ठेवलेले होते. अकरा दिवस खत उधारीवर आणलं.

रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, रेंज तर होती. मग अडलं कुठे? आणि मी दुसऱ्यांदा दाबलं ते चुकलं का माझं?"

हे दोन प्रश्न. आजचा भाग एवढ्यावरच आहे. त्यांची उत्तरं द्यायची तर तुमचा अंगठा बटणावर पडल्यापासून पान दिसेपर्यंत मध्ये काय काय घडतं ते बघावं लागेल. या मधल्या प्रवासात फोन, टॉवर, सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम ठरलेले असतात. त्या नियमांना म्हणतात प्रोटोकॉल.

काड्या नेमक्या कशाच्या?

सगळ्यात आधी त्या काड्या. टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, साधारण तेवढंच त्या सांगतात. तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचतोय का, हे त्यांच्यावरून कळत नाही.

जत्रेतला लाऊडस्पीकर आठवा. "अमुक गावचा मुलगा हरवलाय, पालकांनी मंचाजवळ यावं." अख्ख्या जत्रेला ऐकू जातं. पण तुम्ही गर्दीच्या टोकाला उभं राहून "अहो, तो माझाच भाऊ!" असं ओरडलात तर मंचावर कोणाला ऐकू येणार? टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. तुमच्या साध्या फोर-जी फोनची कमाल ताकद असते ०.२ वॅट. म्हणजे उतरणीचा रस्ता डांबरी आणि चढणीची पायवाट, असा प्रकार. फॉर्म भरताना तर तुम्हालाच वर पाठवायचं असतं. फोटो, सही, मार्कशीट, सगळं त्या पायवाटेने.

शिवाय टॉवर काही तुमच्या एकट्याचा नाही. आसपासचे सगळे फोन त्याच हवेतली जागा वाटून घेतात. दुसऱ्या टॉवरचे सिग्नल मध्ये लुडबुड करतात. टॉवरपासून पुढे जी केबल किंवा मायक्रोवेव्हची जोडणी असते, ती अपुरी असेल तर तिथे वेगळीच रांग. काड्यांमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

बोलायचं असेल तर हात वर करा

फोन खिशात असतो तेव्हा तो टॉवरशी सतत बोलत नसतो, नाहीतर बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा पुरणार नाही. तो अर्धवट झोपेत असतो, मधूनमधून कान देतो. तुम्ही बटण दाबलंत की आधी त्याला टॉवरचं लक्ष वेधून घ्यावं लागतं, की मला बोलायचंय, मला जागा द्या.

आता हे मागायचं कसं? वर्गात चाळीस मुलं एकदम "बाई, मी!" ओरडली तर बाईंना एकही आवाज नीट कळत नाही. हा पेच पहिल्यांदा हवाईमध्ये सोडवला गेला. हवाई म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. बेटाबेटांवरच्या लोकांना विद्यापीठाचा कॉम्प्युटर वापरायचा होता आणि टेलिफोनच्या तारांवर भागण्यासारखं नव्हतं. नॉर्मन अब्रॅम्सन या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओवरून चालणारं नेटवर्क सुरू केलं, त्याचं नाव अलोहानेट.

त्यांचा नियम ऐका. बोलायचंय? बोलून टाका. समोरून पोच आली तर काम झालं. नाही आली तर समजा की दोघं एकदम बोलले आणि टक्कर झाली. मग थोडं थांबा आणि पुन्हा बोला. पण किती थांबायचं? प्रत्येकाने आपापला आकडा चिठ्ठी काढल्यासारखा मनाने ठरवायचा. सगळे सारखंच थांबले तर पुन्हा एकदमच बोलतील ना!

मंडळी, हा नियम म्युझियममध्ये गेलेला नाही. तुमचा फोर-जी फोन टॉवरला पहिली हाक मारतो तेव्हा ठरवून दिलेल्या ६४ खुणांपैकी एखादी निवडतो आणि पाठवतो. दोन फोननी एकाच वेळी तीच खूण पाठवली तर टक्कर होऊ शकते, आणि मग थोडं थांबून पुन्हा हाक मारायची.

पोच आली नाही की पुन्हा पाठवायचं. हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या भागात ते परत परत येणार आहे.

एका पानासाठी पाच फेऱ्या

टॉवरने जागा दिली. आता पान मागू या. पण ते एका फेरीत येत नाही.

पहिली फेरी पत्ता विचारायची. साइटचं नाव तुम्हाला माहीत असतं, पण नेटवर्कला आकड्यातला पत्ता लागतो. तो सांगतो डीएनएस. दुसरी फेरी ओळखीची, म्हणजे "मी बोलू का?" "बोल." याला टीसीपीचा हस्तांदोलनाचा नियम म्हणतात. त्यानंतर कुलूप लावायचं, म्हणजे मधल्या कोणाला आपलं बोलणं वाचता येऊ नये. हे काम टीएलएस करतं आणि त्याच्या जुन्या आवृत्तीत त्यासाठी दोन फेऱ्या जातात. मग पाचव्या फेरीत कुठे एचटीटीपी म्हणतं, "हे पान दे."

शहरात चांगल्या नेटवर एक फेरी समजा ६० मिलिसेकंदांची. पाच फेऱ्या म्हणजे ३०० मिलिसेकंद, पापणी लवायच्या आसपास. तेच आमच्या देवळामागे एका फेरीला ८०० मिलिसेकंद लागले तर पानाचा पहिला तुकडा हलायलाच चार सेकंद गेले. आणि वाटेत एखादी फेरी हरवली तर ती पुन्हा.

म्हणून स्पीड टेस्टमधला आकडा बघून नेट चांगलं की वाईट ते पूर्ण कळत नाही. नळाला पाणी किती जोरात येतं हा एक प्रश्न आणि तोटी सोडल्यावर किती वेळाने येतं हा दुसरा. बारीकसारीक पानांच्या बाबतीत बऱ्याचदा दुसराच प्रश्न जास्त छळतो.

टीसीपीचा हिशेबनीस

इंटरनेटवर माहिती अखंड जात नाही, तुकड्या-तुकड्यांनी जाते. तुकडे वाटेत हरवू शकतात, मागचा पुढे येऊ शकतो, एकच तुकडा दोनदा येऊ शकतो. हे सगळं निस्तरणारा हिशेबनीस म्हणजे टीसीपी. त्याचे नियम १९८१ मध्ये पक्के लिहिले गेले. प्रत्येक तुकड्याला नंबर टाकायचा. समोरच्याने अमुक नंबरपर्यंत मिळालं अशी पोच द्यायची. पोच नाही आली तर तुकडा पुन्हा पाठवायचा.

आणि तुकडा मिळाला होता, पण पोचच वाटेत हरवली असेल तर? तरी बिघडत नाही. दुसऱ्यांदा आलेल्या तुकड्यावर तोच नंबर असतो, समोरचा बघतो, हा तर आलाय, आणि टाकून देतो. नंबर आहे म्हणून पुन्हा पाठवणं निर्धोक आहे.

यात एक वळण आलं १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, गावातल्या दोन आळ्यांएवढं. त्यांच्यातलं नेट सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आलं. ४० बिट म्हणजे आजच्या हिशेबाने देवनागरीतली दोन अक्षरंही एका सेकंदात गेली नसती! झालं काय होतं? रस्ता तुंबला होता, तुकडे गळत होते, आणि पोच येत नाही म्हणून सगळे कॉम्प्युटर तेच तुकडे परत परत रस्त्यावर ढकलत होते. तुंबलेल्या घाटात मागून आणखी गाड्या घुसवाव्यात तसं.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचा तोडगा मांडला. तुकडा हरवला तर समजायचं की पुढे गर्दी आहे, आणि आपला वेग निम्मा करायचा. सुरुवातसुद्धा दमाने करायची. आजकाल साधारण दहा तुकडे आधी जातात, म्हणजे १४ किलोबाइट. पोच आली की वीस, मग चाळीस, असं दुप्पट. इंटरनेट वाचलं ते या शिस्तीमुळे.

पण ही शिस्त तारांच्या जगातली होती. तारेत तुकडा हरवला तर बहुधा गर्दीच असते. हवेत मात्र तुकडा कशानेही हरवतो. मध्ये भिंत आली, डोंगर आला, तुम्ही नुसती पाठ फिरवलीत. अशा वेळी वेग कमी करून काय मिळणार? तिथे लगेच पुन्हा पाठवायला हवं. टीसीपी बिचारा गर्दी समजून मागे सरतो, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये चालते.

यावर मोबाइल नेटवर्कने चलाखी केली. फोर-जीमध्ये टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो की आता कोणाची पाळी. तुकडा बिघडला तर फोन आणि टॉवर आपसातच, साधारण आठ मिलिसेकंदांत, तो पुन्हा पाठवतात. आणि गंमत म्हणजे आधी आलेला बिघडका तुकडा फेकून देत नाहीत. दोन बिघडके तुकडे एकत्र ठेवून त्यातून चांगला काढता येतो का ते बघतात. दोघांनी अर्धवट ऐकलेलं वाक्य जुळवून पुरं करावं तसं. टीसीपीला या खटपटीचा पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं, आज तुकडा जरा उशिराच आला.

देवळामागच्या कट्ट्यावर हेच चाललेलं असणार. काड्या तीन, पण खाली प्रत्येक तुकड्यासाठी दोन-दोन, चार-चार वेळा झटापट. हरवणं कमी होतं, पण त्याची किंमत उशिरात मोजावी लागते.

वॅप नावाचं छोटं इंटरनेट

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीची गोष्ट आता. मोबाइलसाठी इंटरनेट वेगळंच करायचं, असाही एक मोठा प्रयत्न झाला. १९९७ मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचे नियम लिहायला घेतले. नाव वॅप. १९९९ मध्ये नोकिया ७११० हा फोन ते घेऊन बाजारात आला.

विचार चुकीचा नव्हता. तेव्हाचं मोबाइल नेट सेकंदाला ९,६०० बिटांचं, पडदा काडेपेटीएवढा, चित्रं काळी-पांढरी. नेहमीचं वेब पान तिथे मावणारच नव्हतं. म्हणून मध्ये एक गेटवे ठेवला. फोन गेटवेशी आटोपशीर भाषेत बोलायचा, गेटवे पुढे खऱ्या इंटरनेटशी बोलायचा. पानं पत्त्यांच्या गड्डीसारखी लिहायची, एका वेळी एक पत्ता पडद्यावर.

अडचणी दोन होत्या. साइटवाल्यांना सगळी पानं मोबाइलसाठी वेगळी लिहायला लागायची, ती फार थोड्यांनी लिहिली. दुसरी अडचण कुलपाची. फोन ते गेटवे एक कुलूप, गेटवे ते बँक दुसरं. मध्ये गेटवेच्या आत तुमची माहिती क्षणभर उघडी पडायची. बँकेचं काम करणाऱ्याला हे कसं चालावं? शिवाय फोन लावल्यासारखी लाइन जोडलेली, मिनिटावर पैसे. लोकांनी वॅपचा इंग्रजी अर्थच लावला की थांबा आणि पैसे भरा! पुढे फोन मोठे झाले, नेट वाढलं, आणि २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॅपनेही टीसीपी आणि एचटीटीपीची वाट धरली.

तरी वॅपमधली एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या नियमांत फोनच्या प्रत्येक व्यवहाराला, म्हणजे अख्ख्या मागणीला, एक नंबर असायचा. तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर गेटवेला ओळखता यायची. हवेवर भरवसा नाही हे त्या लोकांनी गृहीतच धरलं होतं.

टॉवर बदलला तरी बोलणं तुटत नाही

आता बापलेक मोटारसायकलवर निघाले ते बघू. वळणावळणाला टॉवर बदलतो. मग फोनचा पत्ता बदलायला नको का? बदलत नाही, कारण तुमचा इंटरनेटवरचा पत्ता टॉवरकडे नसतोच. तो पुढे कंपनीच्या एका मोठ्या नाक्यावर असतो. नाक्यापासून तुम्ही ज्या टॉवरखाली असाल तिथपर्यंत एक बोगदा टाकलेला असतो. टॉवर बदलला की बोगद्याचं फक्त टोक हलवतात. साइटला वाटतं तुम्ही जागचे हललाच नाहीत.

पण घरातलं वायफाय सोडून रस्त्यावर आलात की मात्र पत्ता खरंच बदलतो. टीसीपीची ओळख पत्त्यावर बांधलेली असल्यामुळे त्याचं बोलणं तुटतं. गेटमधून बाहेर पडताना व्हिडिओ अडकतो तो क्षण तुम्हाला माहीत असेल. यावर नवा प्रोटोकॉल आलाय, क्विक. गूगलमध्ये सुरू झाला, मग सगळ्यांच्या चर्चेतून मे २०२१ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. क्विकमध्ये प्रत्येक बोलण्याला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. पत्ता बदलला तरी क्रमांकावरून समोरचा ओळखतो, की हा मघाचाच. शिवाय ओळख आणि कुलूप दोन्ही एकाच फेरीत उरकतात. नवं एचटीटीपी, म्हणजे तिसरी आवृत्ती, याच क्विकवर चालते.

पुन्हा बघा, उपाय काय सापडला? नंबर.

गप्प बसण्याचे दोन अर्थ

आता ताईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तिने दुसऱ्यांदा दाबलं ते चुकलं का?

तिने बटण दाबलं आणि काहीच उत्तर आलं नाही. या गप्प बसण्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तिची मागणी पोचलीच नाही. दोन, मागणी पोचली, पैसेही कापले, पण उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं. फोनच्या पडद्यावर दोन्हीत चकरीच फिरते. कितीही भारी फोन असू द्या, या बाजूला बसून त्या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही.

अलोहानेटपुढे हाच पेच होता, टीसीपीपुढेही हाच. दोघांनी उत्तर काढलं, की पुन्हा पाठवा. टीसीपीला ते निर्धोकपणे जमतं, कारण तुकड्यावर नंबर आहे. ताईनेही तेच केलं, पुन्हा पाठवलं. फक्त तिच्या मागणीवर नंबर नव्हता. त्या साइटला दोन्ही वेळा वाटलं, कोणीतरी नवीनच फी भरतंय.

टीसीपी इथे मदतीला का आला नाही? कारण त्याचा हिशेब त्या एका जोडणीपुरता. बॅक करून पुन्हा दाबलं की ब्राउझरने नवी मागणी पाठवली. टीसीपीच्या दृष्टीने पहिल्या मागणीशी तिचा संबंध नाही.

एचटीटीपी लिहिणाऱ्यांना हा धोका माहीत होता. म्हणून त्यात मागण्यांचे प्रकार आहेत. गेट म्हणजे नुसतं पान दाखव, शंभर वेळा मागितलं तरी काही बिघडत नाही. पोस्ट म्हणजे काहीतरी करून टाक, पैसे घे, अर्ज जमा कर. ही दोनदा गेली तर काम दोनदा होऊ शकतं. तुम्ही कधी फॉर्मचं पान रिफ्रेश करता तेव्हा ब्राउझर विचारतो, फॉर्म पुन्हा पाठवू का? आपण न वाचता हो म्हणतो. तो नेमकं हेच विचारत असतो.

मग उपाय काय? फॉर्मचं पान उघडतानाच साइटने त्या व्यवहाराला एक नंबर द्यायचा आणि बटण कितीही वेळा दाबलं तरी तोच नंबर जाऊ द्यायचा. दुसऱ्यांदा आला तर म्हणायचं, हा झालाय, ही घ्या पावती. एवढं केलं असतं तर खत उधारीवर आणायला लागलं नसतं. यूपीआयमध्येही प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो व्यवहाराचा माग काढण्यासाठीच.

म्हणून मी तिला सांगितलं, "ताई, तुझं चुकलं नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, हे तर सगळं इंटरनेटच करतं. ज्याने फॉर्म बनवला त्याने डोंगरातल्या माणसाचा विचार केला नव्हता."

मग करायचं काय?

आधी वापरणाऱ्यांसाठी. पैशाचं बटण दाबल्यावर चकरी फिरत राहिली तर लगेच पुन्हा दाबू नका. आधी बँकेचा मेसेज आला का बघा. एसएमएसचा रस्ता इंटरनेटपेक्षा वेगळा आहे. मेसेज चिमुकला असतो, इंग्रजीत १६० अक्षरांचा, देवनागरीत ७० चा, आणि तुम्ही सापडत नसाल तर नेटवर्क तो राखून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा पोचवायला बघतं. म्हणून नेट अडलं असतानाही मेसेज येऊ शकतो. मग ॲपमध्ये किंवा साइटवर व्यवहाराची स्थिती बघा. तिथे प्रलंबित दिसत असेल तर थांबा. संदर्भ क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो.

नेट अगदीच गोठलं तर फ्लाइट मोड चालू करून बंद करा. फोन नेटवर्कशी पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेतो, कधी वेगळा, बरा टॉवरही मिळतो. फाइव्ह-जी धरसोड करत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फोर-जीवर ठेवून बघा. फोटो आणि सही आधीच लहान करून घ्या, कारण वर जाणारी वाट पायवाट आहे. आणि शक्य असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. हे सांगणं सोपं आहे, मला माहितीये. दाखला हातात पडायलाच कधी कधी शेवटचा दिवस उजाडतो.

आता तुमच्यातल्या त्या पोरापोरींसाठी, जे कॉलेजात वेबसाइट बनवताय किंवा उद्या बनवणार आहात. पहिल्या दहा तुकड्यांत १४ किलोबाइट जातात, आठवतंय? शंभर किलोबाइटचं पान साधारण तीन फेऱ्यांत पोचतं. एक मेगाबाइटचं असेल तर सात फेऱ्या, त्याही वाटेत काही हरवलं नाही तर. मुख्य फॉर्मच्या आधी फिरतं बॅनर आणि मान्यवरांचे फोटो टाकाल, तेव्हा कोणीतरी देवळामागे उन्हात बसलेलं असेल. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम संथ करायची सोय आहे. ती चालू करा आणि आपलाच फॉर्म एकदा भरून बघा. मधेच नेट बंद करा, पुन्हा चालू करा, बटण दोनदा दाबा. दोन पावत्या आल्या तर अजून काम बाकी आहे असं समजा.

ताईला प्रवेश मिळाला, हे सांगायचं राहिलंच. कॉम्प्युटर शाखेलाच गेली आहे. परवा फोनवर विचारत होती, "दादा, तो व्यवहाराचा नंबर द्यायचा कोणी, फोनने की सर्व्हरने? आणि फोनने दिला आणि दोन फोनचा एकच नंबर निघाला तर?" मी म्हटलं, आता तूच अभ्यास कर आणि मला सांग.

तिचं उत्तर आलं की पुढच्या एखाद्या भागात तिलाच बोलवू. तुमच्या गावात नेट कुठे धरतं, कोणत्या झाडाखाली, कोणत्या टाकीवर, ते मला नक्की कळवा. आज एवढंच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बटण एकदाच दाबा!